सीआरपी कमी झालं म्हणण्याआधी युनिट बघा

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आईंची तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी) ८.८, भात बंद, गोळी दोनदा वाढवली तरी आकडा हलत नाही. आणि खानापुरात सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, १४ होतं ते बेळगावच्या लॅबमध्ये १.६ आलं म्हणून तुम्ही निश्चिंत झालात. काळजात धस्स झालं, कारण चार वर्षांपूर्वी मी इथंच फसले.

मी डॉक्टर नाही. बारा वर्षं शुगर सांभाळणारी निपाणीची बाई आहे, एवढंच.

माझं सीआरपी पहिल्यांदा ११ आलं. डॉक्टर म्हणाले, कुठंतरी इन्फेक्शन दिसतंय, शोधू. महिन्यानं परत करा. तेव्हा मी लेकीकडे बेळगावला होते, म्हणून तिथल्याच एका लॅबमध्ये रक्त दिलं. आकडा आला १.९. काउंटरवर मुद्दाम विचारलं, गेल्या खेपेला ११ होतं. "आता दोनच आहे की मावशी, बरं झालंय," म्हणून कागद हातात दिला. मी खूश. डॉक्टरांना दाखवलासुद्धा नाही.

पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति लिटर होता, दुसरा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे १.९ ला दहानं गुणायचं: १९. कमी नव्हे, वाढलं होतं. शेजारी बारीक अक्षरात "०.५ पर्यंत नॉर्मल" असं छापलेलंही होतं, मी बघितलं नाही. पण रोज शेकडो रिपोर्ट देणाऱ्यांनी बाईमाणसाला नीट सांगू नये? फोन केला तर "डॉक्टरांना विचारा" म्हणाले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्यात चार महिने गेले. मी भाकरी दोनावरून एकावर आणली, चालणं वाढवलं, आणि शुगर ८.४ वरून ९.१. मग एका रात्री भाकरीचा कडेचा तुकडा चावताना उजवीकडची दाढ हलली. आरशात बघितलं तर हिरडीच्या कडेला पू. लग्न होऊन आल्यापासून मिश्री लावायचे. आमच्याकडे तंबाखू घरोघरी, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. हिरड्या आतून खराब होत होत्या आणि मी खाण्याला दोष देत होते.

सीआरपी यकृतात तयार होतं. शरीरात सूज आहे एवढं ते सांगतं, कुठं ते सांगत नाही. सूज टिकून राहिली की इन्सुलिनचं काम नीट होत नाही, शुगर चढते. आणि चढलेल्या शुगरमुळं हिरड्या आणखी बिघडतात. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास उतरतं असं अभ्यासांत दिसलंय. माझ्या दोन दाढा काढल्या, खोल सफाई झाली, मिश्री सुटली. गोळ्या त्याच ठेवून तीन महिन्यांनी ८.३. सगळं दातांमुळंच झालं असा दावा करत नाही, मिश्री सुटल्याचाही वाटा असेल.

आईंचं दुखणं दातांचंच असेल असं नाही. पायाची जखम, बोटांच्या बेचक्या, लघवीची जळजळ, सगळं बघा. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंही काही दिवस शुगर चढते, ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा. अंगात रक्त कमी असेल तर एचबीए१सीचा आकडाच फसवा येऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही करून घ्या. सर्दी-तापात सीआरपी तपासू नका, दोन आठवडे थांबा. हार्टसाठी करतात ती हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी, ती चाचणी वेगळी, आकडे एकमेकांशी जुळवू नका. एकाच लॅबमध्ये एकच चाचणी करत जा. आणि सूज म्हणून दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करू नका, शुगरवाल्यांच्या किडनीला त्या जड जातात. शुगरची गोळीही बंद करायची नाही.

आज दोन्ही कागद शेजारी ठेवा, आकड्यापुढं काय छापलंय ते बघा. १.६ च्या पुढं डेसिलिटर असेल तर ते १६ आहे. मग दोन्ही रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. युनिट काय निघालं ते इथं लिहा, मी उद्या सकाळी बघते.