सूर्य-चंद्र केंद्रयोग म्हणजे स्वभाव वाईट असं नसतं

ऐरोलीच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला. मेषेचा सूर्य आणि कर्केचा चंद्र, म्हणजे केंद्रयोग, बघून स्थळाकडच्या गुरुजींनी "मुलगी हट्टी, मन अस्थिर" असं सांगितलं आणि तेव्हापासून तुम्ही टेन्शनमध्ये आहात. पहिली गोष्ट, गुणमेलनाचे 36 गुण दोघांच्या चंद्राच्या राशी-नक्षत्रावरून काढतात, तुमचा सूर्य त्यात येतच नाही. त्यामुळे या कारणावरून स्थळ अडायचं काही कारण नाही.

आता स्वभावाचं. केंद्रयोग म्हणजे सूर्य आणि चंद्रात 90 अंशांचं अंतर. मेष आणि कर्क दोन्ही चर राशी, दोघींना पुढाकार हवा, पण एक अग्नी तत्त्वाची आणि दुसरी जल तत्त्वाची. मेष म्हणते आत्ताच्या आत्ता ठरव आणि निघ, कर्क म्हणते आधी घरच्यांचं बघ. दोन्ही मागण्या रास्तच आहेत, पण एकाच वेळी येतात म्हणून माणूस आतून ओढला जातो आणि लोकांना फक्त काल हो म्हणाली आज नाही म्हणते एवढंच दिसतं. त्यात तुमचा सूर्य उच्चीचा, चंद्र स्वराशीचा, म्हणजे ओढणारे दोघेही तगडे. परंपरेने प्रभू रामचंद्रांची जी पत्रिका मानतात तिच्यात हीच जोडी आहे, मेषेचा सूर्य आणि कर्केचा चंद्र. राजधर्म एकीकडे, सीतामाईचं दुःख एकीकडे, आणि त्यांनी दोन्ही सोसलं. अशा माणसाला अस्थिर कसं म्हणायचं?

माझ्या भाच्याचं सांगतो. सूर्य वृषभेत, चंद्र सिंहेत, दोन्ही स्थिर राशी. रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने कंपनीत जातो, कामाला एकदम पक्का. पण मीटिंगमध्ये साहेबांनी त्याचं काम स्वतःच्या नावावर खपवलं की घरी येऊन न जेवता राजीनामा टाईप करतो, ओळ न ओळ वाचतो, आणि ड्राफ्टमध्ये ठेवून देतो कारण घराचा हप्ता आहे. सिंहेला मान पाहिजे, वृषभेला पगार, आणि कोणीच हटत नाही. मग रविवारी ढोल-ताशा पथकात नवीन पोरांना शिकवायला लागला, तिथे त्याला भरपूर मान मिळतो, आणि ऑफिसचा राग बराच उतरला. माझं म्हणणं हेच आहे, दोन्ही राशींना त्यांची त्यांची जागा द्यायची, एकीला दाबून टाकलं की ती भलत्याच वेळी उसळते.

प्रतियोग म्हणजे 180 अंश, तो मला तुलनेने सोपा वाटतो, कारण समोरासमोरच्या राशींची तत्त्वं एकमेकांना धरून असतात, अग्नीसमोर वायू, पृथ्वीसमोर जल. फक्त अशी माणसं आपली अर्धी बाजू जोडीदारात शोधत बसतात. षडाष्टक सगळ्यात अवघड, 150 अंश, तत्त्व वेगळं आणि राशीचा प्रकार (चर, स्थिर की द्विस्वभाव) हाही वेगळा, त्यामुळे नक्की काय खुपतंय हेच कळत नाही. तरी मेष-वृश्चिक किंवा वृषभ-तूळ असेल तर राशिस्वामी एकच, म्हणून त्याला प्रीतीषडाष्टक म्हणतात, त्याची एवढी धास्ती नको.

आणि नुसत्या राशी बघून थांबू नका, अंश बघा. सूर्य मेषेच्या 2 अंशांवर आणि चंद्र कर्केच्या 28 वर असेल तर अंतर 116 येतं, म्हणजे ते 120 अंशांच्या योगाजवळ, नवपंचमाजवळ गेलं, केंद्रयोग फक्त नावाला उरला! पंचांगातही दिसतं हे. सूर्य-चंद्रातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी होते, शुक्ल अष्टमी 84 ते 96, म्हणून जन्म त्या तिथीचा असेल तर केंद्रयोग पक्का. दशमीचा असेल तर गुरुजींनी सांगितलेला योग अंशाने तुमच्या पत्रिकेत नाहीच.

तुमची जन्मतिथी आणि दोन्हींचे अंश टाका, शनी-मंगळाची दृष्टी आहे का तेही बघू, आणि तोपर्यंत कोणी सांगितलं म्हणून महागडं रत्न किंवा शांत यावर एक रुपयाही घालू नका.