अंतरपाटाच्या कडेला तुझी जागा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

लग्नाच्या फोटोग्राफीच्या ऑर्डरी घ्यायला लागलीस, तर आधी कामाची वाटणी नीट बघ. टीममध्ये मुलगी असली की मेकअप, मेंदी, चुडा, दागिने तिच्याकडे येतात आणि मुहूर्ताला स्टेजवर मुलगे. नवरीच्या खोलीत बाई हवी, हे रास्तच आहे. पण साडी नेसून झाली की तू मोकळी असतेस. तेव्हा काम ठरवतानाच विचार, "मंगलाष्टकांना मी कुठे उभी राहू?" त्या दिवशी मांडवात विचारून काही मिळत नाही. हे नेटाने धर, कारण पुढचं गिऱ्हाईक मुहूर्ताचे फोटो बघून दर ठरवतं. जिच्याकडे फक्त मेंदीचे फोटो, तिला मेंदीचंच काम आणि मेंदीचेच पैसे.

जागा अशी घे. अंतरपाट धरणारे दोघे दोन टोकांना असतात, त्यातल्या एकाच्या खांद्यामागे राहा. कापड बाजूला झालं की नवरा-नवरी दोघांचे चेहरे बाजूने एकाच फ्रेममध्ये मिळतात. अंतरपाट कुठल्या बाजूला काढणार, हे गुरुजींना आधीच विचारून घे. शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या आसपास ठेव. फार संथ ठेवलंस तर अक्षतांच्या रेघा उमटतात, फार जलद नेलंस तर साध्या फ्लॅशमध्ये फोटोला काळा पट्टा येतो.

"एवढं वजन झेपेल का?" हा प्रश्न तुलाच विचारतील. दोन कॅमेरे, २४-७० आणि ७०-२०० मिमीच्या लेन्स मिळून साडेतीन-चार किलो होतात. दहा तास ते गळ्यात अडकवलं तर मुलग्यांचीही मान धरते. दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा हार्नेस घे, प्रश्न मिटला.

कोटेशनमध्ये दिवसाचा दर, एडिटिंग, अल्बम आणि रात्रीच्या परतीची गाडी वेगवेगळ्या ओळींत लिही. गाडीची ओळ टीममधल्या सगळ्यांसाठी असू दे, म्हणजे 'मुलगी आहे म्हणून खर्च वाढला' असं कुणी म्हणणार नाही. "घरचंच कार्य समज" हे वाक्य मुलींना जास्त ऐकावं लागतं. त्यावर दर उतरवू नकोस, हवं तर अल्बमची पानं कमी कर.

नावाचंही बघ. होमाय व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार ठरल्या, पण त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून आले. तू कॅमेऱ्याच्या मेनूत कॉपीराइटच्या रकान्यात स्वतःचं नाव भरून ठेव, ते प्रत्येक फाइलबरोबर जातं. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणून 'हे फोटो माझ्या नावाने दाखवता येतील' अशी ओळ करारात हवीच. दुसऱ्याच्या हाताखाली काम करशील तेव्हाही ती लिहून घे.

आता तुझ्या स्वतःच्या कॅमेऱ्याकडे वळू. हा भेदभाव आपल्याही हातून होतो. नवऱ्याला उभं करून खालून फोटो काढायचा आणि नवरीला बसवून, मान खाली घालून, वरून. याने तो मोठा दिसतो, ती दबलेली. कॅमेरा दोघांच्या डोळ्यांच्या उंचीच्या मध्ये ठेव. त्याला "सरळ बघ" म्हणालीस तर तिलाही म्हण.

मान खाली, वरून मांडवाचे दिवे, त्यात नथीची सावली. नवरीचा चेहरा काळवंडतो तो यामुळे, आणि खापर फुटतं तिच्या रंगावर. मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर फ्लॅश वर छताकडे मारू नकोस, तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. छत्री लावलेला फ्लॅश बाजूला, तिच्या डोळ्यांपेक्षा थोडा वर ठेव. नवऱ्याचे पांढरे कपडे कॅमेऱ्याला फसवतात आणि सगळा फोटोच गडद येतो, म्हणून प्रकाशाचं मोजमाप चेहऱ्यावरून घे.

एवढं करूनही "नवरीला जरा उजळ करा" हा निरोप येतोच. नवऱ्यासाठी असा निरोप सहसा येत नाही. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नारिंगी रंगाची ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, वाढवली की त्वचा उजळते, पण मेंदीही त्याच रंगात असल्याने ती फिकी पडते, सोनं पांढुरकं दिसतं, हिरवा चुडा मात्र तसाच राहतो. मग लोक मास्क लावून, म्हणजे फोटोतला फक्त नवरीचा भाग निवडून, तेवढाच उजळ करतात. कन्यादानाच्या फोटोत ते लगेच उघडं पडतं. आई, वडील, नवरा आणि ती, सगळ्यांचे हात एकावर एक असतात, आणि तिचाच हात परक्या घरातून आणून ठेवल्यासारखा दिसतो. आईच्या हाताशी तिचं नातंच पुसलं जातं.

म्हणून दोघांना एकच सेटिंग लाव. फाइली देण्याआधी कन्यादानाचा फोटो शंभर टक्के मोठा करून हात बघ. निरोप आलाच तर वाद घालू नकोस. तिच्या घरच्यांना दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखव आणि मेंदीकडे बोट कर. रात्रभर जागून रंगवलेली मेंदी फिकी झालेली कुणाच्याही आईला आवडत नाही.

तुझी,
मावशी