हजला निघताना: कोकणातल्या वाचकांचे प्रश्न

हजचे मुख्य दिवस पाच, 8 ते 12 जिलहिज्ज (इस्लामी वर्षाचा शेवटचा महिना). माणूस घर सोडतो महिना-सव्वा महिन्यासाठी, पण अंगातली खरी ताकद लागते ती या पाच दिवसांत, आणि पुष्कळांची ती तोवर संपलेली असते. खालची उत्तरं हे ध्यानात ठेवून दिली आहेत. फिकहचा (धर्मनियमांचा) मुद्दा आला तिथे कोकणी मुसलमानांत बहुसंख्य असलेल्या शाफई मसलकाप्रमाणे (पंथाच्या मताप्रमाणे) लिहिलं आहे. शंका असेल तर आपल्या जमातीच्या मौलानांना घरी असतानाच विचारून घ्या. मीनाच्या (मक्केजवळच्या तंबूंच्या वस्तीच्या) गर्दीत मसला (धर्माचा प्रश्न) विचारायला ना वेळ मिळतो, ना माणूस.

मुलगा जेद्दाला नोकरीला आहे. तो आम्हा दोघांना व्हिजिट व्हिसावर बोलावतो, तिथूनच हज करा म्हणतो. गावातल्या काहींनी असं केलंय. चालेल का? (म्हसळा)

नाही. व्हिजिट व्हिसावर हज करता येत नाही. पूर्वी कुणाचं निभावलं असेल, आता निभत नाही. 2025 च्या हजला परवान्याशिवाय आलेल्यांसाठी 20,000 रियालपर्यंत दंड होता, शिवाय परत पाठवणी आणि दहा वर्षं प्रवेशबंदी. व्हिसा ज्याने काढून दिला त्यालाही दंड होतो, म्हणजे मुलाची नोकरी तुम्ही पणाला लावता.

पण दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. 2024 च्या हजमध्ये 1301 माणसं दगावली असं सौदी सरकारने जाहीर केलं, आणि त्यातली 83 टक्के परवान्याविना आलेली होती. परवाना नाही म्हणजे मीनात तंबू नाही, बस नाही, थंड हवेची जागा नाही. माणूस भर उन्हात मैलोन्‌मैल चालतो आणि पकडले जाऊ या भीतीने दवाखान्याकडेही फिरकत नाही.

भारतातून दोनच वाटा आहेत: हज कमिटी ऑफ इंडियाचा अर्ज, किंवा केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाकडे नोंदलेला खासगी टूरवाला. टूरवाल्याचं नाव त्या वर्षीच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहा. गेल्या वर्षीचं पत्र दाखवतो तो धरू नका. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या, आणि मीनातला तंबू कुठल्या भागात आहे ते लेखी मागा.

आम्ही बागायतदार माणसं. मे महिन्यात दिवसभर उन्हात आंबा उतरवतो. मक्केच्या उन्हाची एवढी भीती कशाला घालता? (रत्नागिरी)

हा समज धोक्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या किनाऱ्यावर पारा 34-35 ला असतो आणि हवा दमट. घाम सुकत नाही, शर्ट पाठीला चिकटतो, जीव नकोसा होतो आणि माणूस आपणहून सावलीला जाऊन पाणी पितो. मक्केत हवा कोरडी. घाम येतो तसा उडून जातो, अंग कोरडंच लागतं. त्यामुळे आपल्याला घामच येत नाही असं वाटतं, तहानही उशिरा लागते आणि दोन-तीन तासांत अंगातलं पाणी उतरलेलं असतं. 17 जून 2024 ला मक्केत 51.8 अंशांची नोंद झाली. एवढ्या तापमानात वारासुद्धा अंग निववत नाही, तापवतो.

म्हणून तिथे तहानेवर विसंबू नका. बाहेर चालत असाल तर दर वीस मिनिटांनी पाऊण ते एक पेला पाणी घ्या. लघवीचा रंग बघत राहा: फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर दिवसाला किती पाणी चालेल ते डॉक्टरांकडून आधीच आकड्यात घ्या.

ओआरएसबाबत एक चूक फार जण करतात. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. तिथे हातात येते अर्ध्या लिटरची किंवा त्याहून लहान बाटली, आणि अख्खं पाकीट त्यातच ओततात. असं दाट पाणी उलटं नुकसान करतं. 200 मिलीची छोटी पाकिटं मिळतात, ती न्या.

सकाळी दहा ते दुपारी चार बाहेरची कामं टाळा. पुरुषांनाही एहराममध्ये (हजच्या खास बंधनांच्या काळात, जेव्हा पुरुषांनी डोकं झाकायचं नसतं) छत्री चालते, कारण ती डोक्याला टेकत नाही. फिकट रंगाची छत्री आणि पाण्याचा फवारा ही दोन साधनं सगळ्यात कामाची. एहरामची वरची चादर भिजवून अंगावर घ्या. जिथे अंग कोरडं पडतं तिथे ओलं कापड चटकन गारवा देतं.

सोबतच्या माणसाला चक्कर, पोटऱ्यांत गोळे, मळमळ असं होऊ लागलं तर त्याला सावलीत निजवा, पाय जरा उंच ठेवा आणि घोटघोट ओआरएस द्या. पण तो असंबद्ध बोलू लागला, रस्ता किंवा माणसं ओळखेना, धडपडू लागला, तर तो उष्माघात. मग तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून ते श्वासात जातं. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा गार बाटल्या ठेवा आणि 997 किंवा 911 ला फोन करा. डोक्यावर ओला कपडा ठेवावा लागला तर बेलाशक ठेवा. फिदियाचा (एहरामचा नियम मोडल्याच्या भरपाईचा) हिशेब नंतर होतो.

एक शेवटचं. मक्केत पोचल्यापासून रोज तनईमला, म्हणजे मस्जिदे आयशाला जाऊन नवा उमरा (मक्केची छोटी यात्रा) करण्याची हौस अनेकांना असते. 2025 मध्ये अरफाचा दिवस (9 जिलहिज्ज, हजचा मुख्य दिवस) 5 जूनला होता आणि तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, म्हणजे पुढची काही वर्षंही हज कडक उन्हातच आहे. अशा उन्हात साठीच्या पुढच्या माणसाने फर्ज (बंधनकारक) हजच्या आठवडाभर आधी नफल (ऐच्छिक) उमऱ्यांत स्वतःला थकवणं मला अजिबात पटत नाही. ते दिवस नमाज, झोप आणि पाणी यांचे.

अम्मी 68 वर्षांची. इन्सुलिन आणि बीपीची गोळी चालू आहे. औषधं कशी न्यायची? आणखी काय सांभाळायचं? (मुरूड)

इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीच नाही. ते एकदा गोठलं की वाया गेलं, मग दिसायला कितीही स्वच्छ असो. वापरातली कुपी साधारण 30 अंशांखाली चार आठवडे टिकते, पण मीनातल्या तंबूपासून जमरातच्या (सैतानाला खडे मारायच्या जागेच्या) रस्त्यावर त्याहून कितीतरी गरम असतं. ओल्या कापडात गुंडाळलेली किंवा पाण्याने भिजवायची थंड पिशवी घ्या. साखर मोजायचं यंत्र आणि पट्ट्याही उन्हात चुकीचा आकडा दाखवतात, तेही सावलीत ठेवा. खिशात खजूर किंवा साखरेच्या पुड्या हव्यातच. तवाफ (काबाभोवतीचे फेरे) आणि सईत (सफा-मरवा टेकड्यांमधल्या फेऱ्यांत) साखर झपकन उतरते: सफा-मरवाच्या सात फेऱ्या म्हणजेच तीन किलोमीटरच्या वर चाल आहे.

बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे का, ते डॉक्टरांना विचारा. उन्हाच्या दिवसांत तिचा डोस बदलावा लागू शकतो. औषधं मूळ पाकिटात, दहा दिवसांची जास्तीची, आणि औषधाच्या मूळ नावासह इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी सोबत. झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध असलं काही चिठ्ठीविना नेऊ नका. मेंदूज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी झालेली असली पाहिजे.

पाय सगळ्यात महत्त्वाचे. मताफचा (काबाभोवतीच्या तवाफच्या अंगणाचा) पांढरा संगमरवर उन्हातही फारसा तापत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. बाहेर येतो तर चप्पल जागेवर नाही, आणि समोर तापलेला डांबरी रस्ता. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी झालेली असते, चटका कळत नाही, संध्याकाळी फोड दिसतात. चप्पल कापडी पिशवीत घालून गळ्यातच ठेवा आणि रोज रात्री दोन्ही तळवे कुणीतरी नीट बघा. नवी चप्पल घेऊन जाऊ नका. तिच्यावर घरी दोन महिने रोज फजरनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) चाललेलं असावं.

शाफई मताप्रमाणे परक्या माणसाचा स्पर्श झाला की वुजू (नमाज-तवाफआधी हात, तोंड, पाय धुऊन होणारी शुद्धी) जातो. तवाफच्या गर्दीत हे कसं सांभाळायचं? (दापोली, एक भगिनी)

कातडीला कातडी लागली तरच वुजू जातो, मध्ये कापड असेल तर जात नाही. त्यामुळे बाह्या बोटांपर्यंत येतील अशा लांब शिवून घ्या. एहराममध्ये बायकांना हातमोजे चालत नाहीत, पायमोजे चालतात. नवरा-बायको हात धरून तवाफ करतात तिथेही वुजू जातो, तेव्हा हाताऐवजी पिशवीचा पट्टा धरा. खालच्या मताफपेक्षा वरच्या मजल्यावर फेरा लांब पडतो, पण धक्काबुक्की कमी. वुजू गेलाच तर करून या आणि जिथे सोडला तिथून पुढे चालू करा.

या एका बाबतीत हनफी मतावर (दुसरा मसलक, ज्यात अशा स्पर्शाने वुजू जात नाही) अमल करायला बरेच उलेमा मुभा देतात. तसं करायचं असेल तर वुजूही हनफी अटींवर पुरा हवा: डोक्याच्या किमान चौथ्या भागाचा मसह करा (ओला हात फिरवा), दोन-चार केसांचा पुरणार नाही. आणि पायाची जखम वाहू लागली तर त्या मताप्रमाणे वुजू जातो, हेही लक्षात असू द्या.

पाळी पुढे ढकलण्याबद्दलही काहींनी विचारलं आहे. गोळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून दोन-तीन महिने आधी घ्या आणि एक पाळी घरीच करून बघा. रक्ताच्या गाठी, अर्धशिशी किंवा जास्त बीपी असेल तर तसं सांगायलाच हवं. गोळीची वेळ चुकली की डाग दिसू लागतात, म्हणून गजर लावा. पाळी आलीच तर अरफात, मुजदलिफा (अरफातनंतर रात्र काढायची जागा), रमी (सैतानाला खडे मारणं) सगळं होतं, फक्त तवाफ थांबतो. तवाफे जियारत (हजचा फर्ज तवाफ) टाळता येत नाही, तेव्हा परतीची तारीख जवळ असेल तर खादिमांना (हाजींसोबतच्या मदतनीसांना) लगेच सांगा, लाजू नका. विदाईचा तवाफ मात्र अशा बाईला माफ आहे.

अब्बा 74 वर्षांचे. रमीला कधी न्यावं? गर्दीत अडकलो तर? (राजापूर)

शाफई मताप्रमाणे म्हाताऱ्यांना आणि बायकांना मुजदलिफातून मध्यरात्रीनंतर निघता येतं आणि 10 तारखेची रमी तेव्हापासून करता येते. ही सवलत अशा माणसांसाठीच आहे. 11 आणि 12 ची रमी जवालनंतर (सूर्य माथ्यावरून कलल्यावर) सुरू होते आणि पहिल्या दोन तासांत सगळे तिकडेच धावतात. 11 ला मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) न्या. 12 ला निघायचं तर सूर्यास्ताआधी मीना सोडावं लागतं, म्हणून त्या दिवशी गर्दी सर्वांत वाईट. त्यापेक्षा ती रात्र मीनात काढून 13 ची रमी करून निघा. खडे त्यासाठीच 49 ऐवजी 70 घ्यायचे, हरभऱ्याएवढे, वर दहा जास्तीचे. खडा हौदात पडला पाहिजे. नेम चुकला तर दुसरा मारा, पडलेला उचलायला वाकू नका.

सामान घेऊन जमरातवर जायचं नाही. 12 जानेवारी 2006 च्या चेंगराचेंगरीत 346 जण गेले, तेव्हा माणसं वाटेत पडलेल्या बोचक्यांना अडखळली होती. वेळ आणि रस्ता कॅम्पवरून मिळेल तोच पाळा. 24 सप्टेंबर 2015 ला मीनात 204 आणि 223 क्रमांकांच्या रस्त्यांच्या तिठ्यावर दोन बाजूंचे जथे एकमेकांवर आले आणि मोठा अनर्थ झाला.

रेटा आलाच तर दोन्ही हात कोपरात दुमडून छातीपुढे धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. लोंढ्याच्या उलट ढकलू नका. लोंढ्याबरोबर चालत तिरके कडेला सरका. चप्पल, मोबाइल, काही पडलं तरी खाली वाकू नका. अब्बांना चालवत नसेल तर त्यांच्या वतीने तुम्ही रमी करू शकता, आधी आपली पुरी करून.

मीनात सगळे तंबू सारखेच पांढरे. पहिल्या दिवशी कॅम्पची पाटी आणि जवळच्या खांबाचा नंबर यांचा फोटो काढून घ्या, आणि तेच नंबर कागदावर लिहून अब्बांच्या कमरपट्ट्यात ठेवा. फोन बंद पडतो, कागद राहतो.

सामानात काय नेऊ नये? (श्रीवर्धन)

घरचा गरम मसाला. त्यात खसखस असते आणि सौदीत खसखशीवर बंदी आहे, दळलेलीसुद्धा. न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा कुटून घ्या. सुकी मासळी नको: मिठाने तहान आणि बीपी दोन्ही वाढतं. मिश्री लावणाऱ्या बायकांनी दोन महिने आधीपासून ती सोडायला घ्यावी, तिथे जाऊन एकदम सुटली की डोकं धरतं. स्टोव्ह, गॅस मीनात चालत नाही. 1997 च्या आगीत 343 माणसं गेल्यावर तंबू अग्निरोधक झाले. खोबरेल तेल घट्ट झाकणाच्या बाटलीत न्या, पण एहराममध्ये ते डोक्याला आणि दाढीला लावता येत नाही, वास नसला तरी. पुरुषांनी मांड्या घासू नयेत म्हणून बिनवासाचं व्हॅसलीन घ्या, ते अंगाला चालतं.

परतताना जमजम सामानात भरू नका, विमान कंपनी पाच लिटरचा कॅन वेगळा देते. आणि तुम्ही परताल तेव्हा इथे पावसाळा लागलेला असू शकतो, मग कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकावर हळू धावतात आणि घाटात दरडीची भीती असते. मुंबईत उतरल्यावर त्याच रात्री गाडीने गावाकडे धावू नका. घरच्यांना आधीच सांगून एक रात्र मुंबईतच झोप घ्या.