आंतरराष्ट्रीय संघटनेत रुजू होण्यापूर्वी : इम्युनिटीविषयी

संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेत नेमणूक झाल्यावर आपल्याला आणि आपल्या पत्नीला राजनैतिक अधिकाऱ्यांसारखी इम्युनिटी, म्हणजे खटल्यापासून कायदेशीर संरक्षण, मिळेल का, आणि पगारावर कर भरावा लागेल का, असे आपण विचारले आहे. मी अशाच नोकरीसाठी देश सोडला तेव्हा माझीही समजूत आपल्यासारखीच होती, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

या साऱ्याचा पाया संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम १०५ आणि आमसभेने १३ फेब्रुवारी १९४६ रोजी संमत केलेला, विशेषाधिकार व इम्युनिटीविषयीचा करार हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेसारख्या विशेषीकृत संस्थांसाठी १९४७ चा स्वतंत्र करार आहे. १९४६ च्या करारात राजनैतिक दर्जा सरचिटणीस आणि साहाय्यक सरचिटणीस यांनाच दिलेला आहे. इतर अधिकाऱ्यांना खटल्यापासून जे संरक्षण आहे ते अधिकृत कामात त्यांनी जे बोलले, लिहिले किंवा केले असेल तेवढ्यापुरतेच. घरभाड्याचा वाद, सुटीच्या दिवशी स्वतःच्या गाडीने झालेला अपघात किंवा कौटुंबिक दावा यांत आपण त्या देशातील कोणत्याही रहिवाशासारखेच उत्तरदायी असाल. शिवाय हे संरक्षण संघटनेच्या हितासाठी आहे, व्यक्तीच्या लाभासाठी नाही, असे करारच सांगतो. ते न्यायाच्या आड येत असेल आणि संघटनेच्या हिताला बाध न आणता काढून घेता येत असेल, तर ते काढून घेणे हा सरचिटणिसांचा अधिकार आहे आणि कर्तव्यही.

मात्र कामाच्या मर्यादेत हे संरक्षण किती भक्कम आहे, हे परम कुमारस्वामी यांच्या प्रकरणावरून कळते. न्यायाधीश व वकील यांच्या स्वातंत्र्याविषयी संयुक्त राष्ट्रांना अहवाल देणारे विशेष प्रतिवेदक या नात्याने त्यांनी १९९५ मध्ये एका नियतकालिकाला मुलाखत दिली आणि तिच्यावरून मलेशियात त्यांच्याविरुद्ध बदनामीचे दावे दाखल झाले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९९ मध्ये मत दिले की ते शब्द कामगिरीचाच भाग होते, आणि इम्युनिटीचा प्रश्न देशांतर्गत न्यायालयांनी खटल्याच्या आरंभीच, विनाविलंब निकाली काढला पाहिजे. ते कर्मचारी नव्हते, ठरावीक कामगिरीसाठी नेमलेले तज्ज्ञ होते, तरीही हे मत प्रत्येक कर्मचाऱ्याने वाचावे असे मला मनापासून वाटते.

संघटनेकडून मिळणाऱ्या पगारावर राष्ट्रीय प्राप्तिकर नसतो. पण अमेरिकेने स्वतःच्या नागरिकांबाबत ही सवलत मान्य केलेली नाही. पगाराव्यतिरिक्तचे भाडे किंवा व्याज, तसेच पत्नीची स्वतःची कमाई, या सवलतीत येत नाही. पत्नीला व आपल्यावर अवलंबून असलेल्या नातेवाइकांना स्थलांतराच्या निर्बंधांतून सूट असते. परंतु त्यामुळे नोकरीची परवानगी आपोआप मिळत नाही, ती यजमान देशाच्या नियमांनुसार वेगळी घ्यावी लागते.

सर्वांत आधी नेमणूकपत्रावरील कराराचा प्रकार पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात सल्लागार म्हणून कंत्राटावर घेतलेल्या व्यक्तीला १९४६ च्या करारान्वये ‘अधिकारी’ मानले जात नाही, म्हणून करसवलतही तिला लागू होत नाही.

घरसामान पहिल्यांदा रुजू होतानाच सीमाशुल्काशिवाय नेता येते. मी ते दोन खेपांत पाठवले, दुसरी खेप यजमान देशाने ठरवलेल्या मुदतीनंतर पोहोचली आणि तिच्यावर मला शुल्क भरावे लागले. तेव्हा ती मुदत मनुष्यबळ विभागाकडून आधीच लेखी मागवून घ्या आणि शक्य तर सारे सामान एकाच खेपेत पाठवा.