१८५० च्या आधीचा केंटकीतला पूर्वज कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की सुनेच्या माहेरचा मूळ पुरुष १७८० नंतर कधीतरी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात आला एवढंच घरात माहीत आहे आणि १८५० च्या मागे काहीच सापडत नाही. माझा नवरा तिकडचाच, त्याच्या घराण्यासाठी मी तीन वर्षं हेच केलंय म्हणून सांगते.

जनगणना आधी बाजूला ठेवा. १८५० च्या आधी तिच्यात फक्त घरातल्या कर्त्याचं नाव, बाकीचे नुसते आकडे, आणि केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या याद्या तर उरल्याच नाहीत. त्याऐवजी कराच्या याद्या बघा, त्या दरवर्षी व्हायच्या आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहेत. नाव, किती एकर, कुठल्या ओढ्याकाठी, २१ वर्षांवरचे पुरुष किती, घोडे किती, आणि त्याच ओळीत घोड्यांच्या शेजारी गुलाम किती. ते वाचताना पोटात कालवतं, पण सुनेला तेही दाखवा.

आमच्या काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, एकाच नावाचे दोघं निघाले, ते ओढ्याच्या नावावरून वेगळे करता आले. मग करवाला आमच्या माणसाकडे ज्या तारखेला गेला त्याच तारखेची सगळी नावं मी वहीत उतरवली, म्हणजे शेजारी, आणि त्यातले चौघं व्हर्जिनियातही शेजारीच होते! कंबरलँड गॅप म्हणजे व्हर्जिनियाकडून केंटकीत यायची डोंगरातली खिंड, तिच्यातून माणसं सहसा एकटी यायची नाहीत, भावकी सोयरे सगळे बरोबर, त्यामुळे तुमचा माणूस दिसत नसेल तर शेजाऱ्यांचा माग काढा.

काउंटीचं पण सांभाळा. १७८० सालाच्या शेवटी तिथे तीनच काउंट्या होत्या, आज १२० आहेत, माणूस जागचा न हलता त्याची काउंटी बदलत राहते.

आणि तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल तर नॅशनल अर्काइव्हजमधली, म्हणजे तिथल्या सरकारी दफ्तरातली, पेन्शनची फाइल शोधाच. १८३२ च्या कायद्यानंतर कोर्टात शपथेवर विचारायचे, जन्म कुठे, लढायला गेलात तेव्हा कुठे राहत होतात, नंतर कुठे कुठे राहिलात, म्हणजे आपल्याला हवं तेच. विधवेच्या अर्जात कधी कधी घरच्या बायबलचं फाडलेलं पान पण असतं, मुलांच्या जन्मतारखांचं. आमच्या फाइलमध्ये शेवटी सही नाही, एक वाकडी फुली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना कारकुनाने नाव लिहिलंय, मी त्या फुलीकडे बराच वेळ बघत बसले होते.

ओढ्याचं नाव मिळालं की इथे टाका, त्या वर्षी तो कुठल्या काउंटीत होता ते मी बघून देते.