मूडलमधला मदतीचा दुवा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मूडल (ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली) ४.५ आहे. पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातलं प्रश्नचिन्हाचं गोल बटण दाबलं की शिक्षकांना मूडलच्या इंग्रजी माहितीचा दुवा मिळतो. विद्यार्थ्यांना तो दुवाच दिसत नाही. सगळ्यांना आमचीच मराठी माहिती दिसावी म्हणून 'डॉक्युमेंट रूट' (मदतीच्या पानांचा मूळ पत्ता) या रकान्यात कॉलेजच्या मदत-पानाचा पत्ता टाकला, तर आता कुठूनही दाबलं तरी '४०४', म्हणजे 'पान सापडत नाही'! काय चुकलं?
— एक प्राध्यापक, सोलापूर

उत्तर : त्या रकान्यात एका पानाचा पत्ता चालत नाही. तिथे लिहाल त्याच्या पुढे मूडल आपणहून तीन तुकडे जोडतं: आवृत्तीचा आकडा, भाषेचा संकेत आणि तुम्ही उभे असलेल्या पानाचा मार्ग. तुमच्या ४.५ चा आकडा ४०५ होतो (४.१ चा ४०१, ५.० चा ५००). म्हणजे चाचणीच्या पानावरून दाबलं की पत्ता तयार होतो तो 'तुमचं मदत-पान / ४०५ / भाषा / मॉड / क्विझ / व्ह्यू' असा. असं पान तुमच्या सर्व्हरवर नाही, म्हणून ४०४. मूडलच्या प्रत्येक पडद्यासाठी त्याच साच्यात मराठी पान लिहून ठेवणार असाल, तरच हा रकाना बदलावा. तेवढं मनुष्यबळ कॉलेजात क्वचितच असतं.

म्हणून 'साइट ॲडमिनिस्ट्रेशन', 'अपीअरन्स', 'मूडल डॉक्स' इथे जाऊन मूळचा डॉक्स-डॉट-मूडल-डॉट-ऑर्ग हा पत्ता एचटीटीपीएससह परत घाला. शेवटी तिरकी रेघ नको, ती मूडल स्वतः घालतं. रकाना रिकामा ठेवलात तर दुवे दिसणंच बंद होईल. तिथल्याच भाषेच्या रकान्यात इंग्रजी निवडा आणि 'नव्या विंडोत उघडा' यावर खूण करा. चाचणीचा लांबलचक फॉर्म अर्धा भरून शिक्षक मदत बघायला जातात. नव्या विंडोमुळे तो फॉर्म मागे जसाच्या तसा राहतो.

विद्यार्थ्यांना दुवा दिसत नाही, हा बिघाड नव्हे. 'डॉकलिंक्स' नावाची परवानगी मुळात शिक्षक आणि व्यवस्थापक यांनाच दिलेली असते. 'डिफाइन रोल्स'मधून (कोणाला काय करता येईल हे ठरवण्याचं पान) ती विद्यार्थ्यांना देता येते, पण आमचं मत स्पष्ट आहे: देऊ नका. ती माहिती अभ्यासक्रम रचणाऱ्यासाठी लिहिलेली आहे. रात्री अकराला फाइल चढत नाही म्हणून अडलेल्या मुलीला फाइल किती एमबीपर्यंत चालते आणि कुठलं बटण दाबायचं, एवढंच हवं असतं.

त्यासाठी मुखपृष्ठावर, म्हणजे 'साइट होम'वर, 'पेज' प्रकारचं एक मराठी पान करा. एखाद्या कोर्सच्या आत करू नका. त्या कोर्सात नाव नोंदवलेलं नसलेल्या मुलाने दुवा दाबला तर मदतीऐवजी 'तुम्ही या कोर्समध्ये नाही' असा निरोप येतो. पासवर्ड विसरल्याची मदत मात्र या पानात ठेवून उपयोग नाही, कारण विसरलेला आत येणार कसा? ती 'मॅनेज ऑथेंटिकेशन'मधल्या (लॉगिनची सेटिंग) 'इन्स्ट्रक्शन्स'च्या रकान्यात लिहा, म्हणजे थेट लॉगिनच्या पानावर दिसेल.

प्रश्न : असाइनमेंट लावताना 'ड्यू डेट' आणि 'कट-ऑफ डेट' यांत आमचे शिक्षक हमखास गोंधळतात. शेजारच्या छोट्या प्रश्नचिन्हातला मजकूर मराठीत करून त्यात आमच्या पानाचा दुवा द्यायचा आहे. एकदा बदल केला, पण दिसला नाही.
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : खालच्या गोल बटणाशी या प्रश्नचिन्हाचा संबंध नाही. हा मजकूर भाषा-पॅकमधून, म्हणजे मूडलच्या पडद्यावरच्या शब्दांच्या त्या त्या भाषेतल्या संचातून येतो. 'लँग्वेज', मग 'लँग्वेज कस्टमायझेशन'मध्ये जा, पॅक निवडून संपादनासाठी उघडा, घटकांच्या यादीत 'असाइन' निवडा आणि कट-ऑफ डेटच्या नावापुढे 'हेल्प' लागलेली ओळ शोधा. उजवीकडच्या रकान्यात लिहा: 'ड्यू डेटनंतरही काम घेतलं जातं, फक्त उशिराचं म्हणून नोंदलं जातं. कट-ऑफ डेटनंतर मुदतवाढ दिल्याशिवाय काम घेतलं जाणार नाही.' हा मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी दुवे, ठळक अक्षरं लिहिण्याची पद्धत) चालतो. म्हणून दुवा देताना आधी शब्द चौकोनी कंसात आणि त्याला चिकटून पत्ता गोल कंसात लिहा. मध्ये जागा सोडली की दुवा तयार होत नाही.

बदल न दिसण्याची नेहमीची दोन कारणं. एक, बदल तात्पुरता साठवला, पण शेवटचं 'भाषा-पॅकमध्ये साठवा' हे बटण दाबायचं राहिलं. दुसरं, बदल इंग्रजी पॅकमध्ये केला आणि शिक्षक मूडल मराठीत वापरतात. मराठी पॅकमध्ये ती ओळ आधीच असेल तर तीच दिसणार, तुमची इंग्रजी पॅकमधली नाही. दोन्ही पॅक तपासा.

प्रश्न : आमची निम्मी मुलं अशोक चौक, विडी घरकुल भागातली, घरी तेलुगू बोलणारी. काही अक्कलकोटकडची कन्नड. बहुतेक जण मोबाइल ॲपच वापरतात. त्यांना ज्याच्या त्याच्या भाषेतली मदत देता येईल?
— संगणक विभाग, सोलापूर

उत्तर : येईल, पण दोन ठिकाणी. ब्राउझरसाठी थीमच्या (मूडलच्या रंगरूपाच्या) सेटिंगमधला 'कस्टम मेनू' वापरा. दर ओळीत उभ्या रेघेने तोडलेले चार भाग असतात: नाव, पत्ता, माउस वर टेकवल्यावर दिसणारा मजकूर आणि भाषेचा दोन अक्षरी संकेत. तेलुगूच्या ओळीला तेलुगूचा संकेत दिला की मूडल तेलुगूत वापरणाऱ्यालाच ती दिसते. त्यासाठी तेलुगू आणि कन्नड पॅक आधी बसवायला हवेत.

ॲपमध्ये हा मेनू जात नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये वेगळा 'कस्टम मेनू' आहे आणि तिथे तिसऱ्या जागी दुवा कसा उघडायचा ते लिहायचं असतं. मदत-पान मूडलमधलंच असेल तर 'ॲप' लिहा. 'ब्राउझर' लिहिलंत तर फोनचा ब्राउझर उघडून पुन्हा लॉगिन मागू शकतो आणि मूल तिथेच थांबतं. भाषेचा संकेत इथेही चौथ्याच जागी. पाचव्या जागी चिन्ह.

प्रश्न : जूनमध्ये मागच्या वर्षीचा कोर्स बॅकअपमधून नव्याने उभा केला. काही दुवे नव्या कोर्सचे झाले, काही अजून जुन्याच कोर्सात नेतात. असं का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : बॅकअपमध्ये सामील असलेल्या गोष्टींचे दुवे मूडल उभारणीच्या वेळी नव्या क्रमांकांत (दुव्यातल्या आकड्यांत) बदलतं. बॅकअपबाहेरच्या गोष्टींचे दुवे जुन्या क्रमांकावरच राहतात. तुमचं मदत-पान दुसऱ्या जुन्या कोर्सात असेल, तर ते 'साइट होम'वर हलवून दुवे एकदाच बदला. साइटचा पत्ताच बदलला असेल तर सगळा मजकूर एकदम बदलणारं 'सर्च अँड रिप्लेस' मूडलमध्ये आहे, मात्र ते केलेलं मागे घेता येत नाही. आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या, तो दुसऱ्या जागी खरोखर उघडतो का ते बघा, आणि मगच ते चालवा.