पिचकारीचं झाड : लावायचं, ठेवायचं की तोडायचं?

प्रश्न : आमची सोसायटी मुलुंडला, नॅशनल पार्कच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. बागेचा कंत्राटदार कडेने दहा स्पॅथोडिया, म्हणजे पिचकारीची झाडं, लावू म्हणतो. लावावेत का?

एकही नको. झाड भराभर वाढतं, सावली देतं, शेंदरी फुलांनी लगडलं की नजर हटत नाही. कळ्या दाबून पाणी उडवण्यात आमचंही बालपण गेलं. पण त्याची वाळलेली शेंग एकदा उकलून बघा. होडीसारखी, वीतभर. आत कांद्याच्या पापुद्र्यासारखे पारदर्शक पंख असलेल्या शेकडो बिया, एकावर एक रचलेल्या. तळहातावर घेऊन नुसता श्वास सोडलात तरी उडतात. मूळ आफ्रिकेतलं हे झाड हवाई, फिजी आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये असंच रानोमाळ पसरलं. जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत ते आहे. तुमच्याकडे वारा सुटला की बी थेट जंगलाच्या कडेला पडणार. शिवाय ते मुळांतूनही फुटतं, म्हणजे पुढे नुसतं तोडून भागत नाही.

त्याऐवजी बहावा आणि ताम्हण मागा. ताम्हण तर आपलं राज्यफूल! सावकाश वाढतील, तेवढा धीर धरा.

प्रश्न : दादरला आमच्या चाळीपुढे हेच झाड तीसेक वर्षं उभं आहे. तोडावं का?

घाई करू नका. चहूकडे डांबर आणि फरशी, तिथे बी रुजायला जागा किती? उन्हाळ्यातली त्याची सावली मात्र उद्या लावलेलं रोप देणार नाही. भिंतीच्या फटीत किंवा बुंध्याशी रोपं दिसली तर बोटाएवढी असतानाच मुळासकट उपटा. लाकूड ठिसूळ असतं, तेव्हा पावसाळ्याआधी फांद्या तपासून घ्या. छाटणी महापालिकेच्या परवानगीनेच करा. 1975च्या राज्य कायद्यानुसार खासगी आवारातलं झाडही वृक्ष प्राधिकरणाला न विचारता तोडता येत नाही.

प्रश्न : गळलेल्या फुलांत मेलेल्या बारीक माश्या सापडतात. फुलं विषारी आहेत का?

तुमची नजर बारीक आहे. या फुलांत डंख नसलेल्या छोट्या मधमाश्या मरतात, हे इतर देशांतही नोंदवलं गेलंय. दुसरीकडे शिंजीर आणि मैना याच फुलांवर मध प्यायला येतात. म्हणून झाडाला सरसकट विषारी म्हणणार नाही, पण मधमाश्यांसाठी बाग करायची असेल तर करंज लावा.